पाचपट

रुझारचा बाप तारवटी. योकोहामाहून
त्याने ती कॅसेट आणली,
वर निळा गुळगुळीत कागद आणि अक्षरे अशी
की कुणाच्या हातून सुयांचा डबा सांडावा.
शिवोलीत जपानी कुणाला येत होते?
पाद्रीला पोर्तुगीज, आमच्या आबांना मोडी.
टीव्ही रुझारचा, टेबलफॅन रुझारचा,
अर्थ आम्ही तिघांनी लावला.

फासा टाकायचा, चालत राहायचे.
वाटेत चार पत्ते ठेवलेले,
इस्पिक, बदाम, किलवर, चौकट.
चारही खिशात पडले की बँकेकडे वळायचे,
बँक पगार देते.
का देते, ते शेवटपर्यंत कळले नाही.
रुझार म्हणायचा, बाबालाही बोटीवर असाच देतात,
पृथ्वीला फेरी मारून आला की.

माझा भाऊ शांबा दिसेल ते दुकान घेत सुटायचा,
आणि तिसऱ्या फेरीला कफल्लक.
रुझार एकच गल्ली धरून बसे.
तिला आम्ही चिंचवाडा म्हणायचो.
तिच्यात तो पैसे ओती,
दुकानावर मजला चढे, मग अजून एक.

मी दुकान घेत नसे.
मला मागचा पडदा सापडला होता, नुसत्या आकड्यांचा,
तिकडे ही पोरे फिरकत नसत.
तिथे गल्लीचे शेअर मिळायचे.
रुझार मजले चढवी
आणि माझा आकडा फुगत जाई, न बोलता,
रात्री भिजत घातलेल्या उडदासारखा.
"तुवें कितें केलें गो?"
"काही नाही," मी म्हणे.
खरेच होते ते.

एक बटण आम्ही कधी दाबले नव्हते.
शांबाने एका दुपारी चुकून दाबले.
दुसऱ्याच्या दुकानात उभे राहायचे, पाचपट मोजायचे,
दुकान आपले.
मालकाला विचारतसुद्धा नाहीत.
रुझारचे कोपऱ्यावरचे दुकान, चार मजल्यांचे, हिरवे,
डोळ्यांदेखत लाल झाले.
तो रडला नाही. पैसे तर पाचपट आले होते,
रडायचे कशावरून?
थोडा वेळ आकडा बघत बसला,
मग उठून त्याने टीव्ही बंद केला.
टीव्ही त्याचा होता.

आता म्हापशाला, सब-रजिस्ट्रारच्या कचेरीसमोर,
झेरॉक्सवाला आणि लिंबू-सोडा यांच्यामध्ये
माझे टेबल आहे.
लोक माझ्याकडे पत्ते जमवून आणतात:
एक-चौदाचा उतारा, सर्व्हेचा नकाशा,
बोजा नसल्याचा दाखला,
आणि तो चौथा कागद,
जो हमखास कुठल्यातरी मामाकडे लिस्बनला असतो.
दोन टक्के माझे.
जमीन माझ्या नावावर वीतभर नाही.

बुधवारी गुरगावच्या कंपनीची फाइल आली.
शिवोली. घर, विहीर, बारा माड,
मानशीकडे उतरणारी पायवाट.
विकणार: रुझार सांतान फुर्तादो, मुक्काम स्विंडन.
रक्कम मी दोनदा वाचली,
मग वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला.

रात्री फोन लावला. तिकडे संध्याकाळ,
तो गोदामातून नुकताच सुटला होता.
"तुला विचारले ना रे नीट?"
"विचारले की. वर्षभर विचारतच होते."
मग बराच वेळ नुसता बसचा आवाज.
"माळ्यावर तो टीव्ही आहे गो अजून.
यादीत घातलाय काय बघ."

यादीत नव्हता. घर, विहीर, बारा माड,
आणि 'आतील सर्व वस्तूंसह'.
मी समासात हाताने लिहिले:
एक टीव्ही वगळून.
खाली दोघांच्या सह्यांसाठी फुल्या मारल्या.

कंपनीचा वकील वाचता वाचता थांबला.
"हे काय? चालतो तरी का तो?"

मी माझ्या दोन टक्क्यांची पावती फाडत होते.
कार्बन नीट बसला नव्हता,
खालच्या प्रतीवर आकडा उमटलाच नाही.